पोपट उजव्या हाताला

आचाऱ्यानं डबा काखेत मारला, फळीवरून धक्क्यावर पाय ठेवला, आणि धक्का हलला. धक्का दगडी होता, बांधल्यापासून तो जागचा तसूभरही सरकला नसणार, हे आचाऱ्यालाही ठाऊक होतं. पण त्रेपन्न दिवस पाण्यावर काढलेल्या त्याच्या पायांना ते कोण समजावणार? गलबत बांधायच्या लोखंडी खुंटाला धरून त्यानं दम घेतला. मागे गलबताच्या कठड्याला टेकून खारू बघत होता. त्याचा उजवा घोटा फडक्यात गुंडाळलेला होता आणि चेहरा पार उतरलेला.

“दादा, अजून विचार कर,” खारू म्हणाला. “ऊन केवढं आहे बघ. आणि तिकडे सगळं बदललं असेल. गेल्या खेपेलाच पाडापाडी चालली होती.”

“बदललं असेल तर बदललेलं बघीन.”

“पायऱ्या फार आहेत.”

“दोनशे बारा आहेत. तूच सांगितलंयस.”

खारू फडक्याची गाठ सोडून पुन्हा बांधत बसला.

खारू म्हणजे खारुताई. डोलकाठीवर सरसर चढतो म्हणून कुणीतरी कधीतरी हे नाव ठेवलं, आणि मिशा पिकायला लागल्या तरी ते काही सुटलं नाही. काळोखात, पावसात, उलटं लटकूनसुद्धा त्याचा हात हव्या त्याच दोरीवर पडे. असा हा माणूस परवा सकाळी दोरशिडीच्या शेवटच्या पायरीवरून, म्हणजे जेमतेम दीड हातावरून पडला आणि घोटा मुरगळून बसला. सगळं गलबत हसलं. आचारीही हसला, आणि हसता हसता थांबला. कारण या बंदरात आता खारू उतरू शकणार नव्हता, म्हणजे शहर बघायला आचाऱ्यालाच उतरावं लागणार होतं.

भानगड अशी होती, की या बंदरात त्यांचं गलबत वर्षातून एकदा आणि एकच दिवस थांबे. पाणी भरायचं, भाजी घ्यायची, दुसऱ्या सकाळी शिडं वर. चुलीतला विस्तव आणि दोरखंड सांभाळायला एक जुना माणूस मागे राहिलाच पाहिजे, असा तांडेलाचा दंडक होता. गलबत तांडेलाच्या हुकमावर चालतं, तेव्हा तिथे वाद नाही. तो जुना माणूस एक तर आचारी, नाही तर खारू. बावीस वर्षांपूर्वी उतरायची पाळी आचाऱ्याची होती. पण त्याच प्रवासात खारूची आई गेल्याचा निरोप आला होता, आणि पोरगं आठ-आठ दिवस कुणाशी बोलत नव्हतं. आचाऱ्यानं डबा भरून त्याच्या हातात दिला आणि म्हणाला, “माझ्याऐवजी तू जा. जरा मोकळा फिरून ये.”

संध्याकाळी खारू परत आला तो पांढराफटक. दमला असेल, असं आचाऱ्याला वाटलं. त्यानं सहज विचारलं, “काय पाहिलंस?” आणि खारू सांगायला लागला. खोट्या दातांनी भरलेली एक काच. डोंगराला टेकवून ठेवल्यासारखा दोनशे बारा पायऱ्यांचा जिना. सासूच्या आवाजात ओरडणारा पोपट. चौकातल्या हौदात एक कासव, ते शहरातल्या सगळ्या माणसांपेक्षा वयानं मोठं. सगळ्यांत वर एक बाक. चुलीवर भात होता याचा आचाऱ्याला विसर पडला. पुढच्या वर्षी खारू म्हणाला, “दादा, यंदा तू जा.” आचारी म्हणाला, “छे. मी गेलो तर मला नुसती घरं दिसतील. शहर तुलाच दिसतं.” असं करत करत बावीस खेपा झाल्या. घरी बायकोला हे शहर सांगताना ‘खारूनं पाहिलं’ हे दोन शब्द कधी गळून पडले, ते आचाऱ्याचं त्यालाही कळलं नाही. बायको आता दर वर्षी विचारायची, “पोपट आहे का हो अजून?” आणि तो छातीठोकपणे सांगायचा, “आहे की.”

तर असा हा, आपल्या पाठ असलेल्या शहरात पहिल्यांदाच निघालेला माणूस. बंदराच्या दरवाज्याबाहेर गलबतावरचे बाकीचे एका गाडीत कोंबून बसले आणि खाडीपलीकडच्या बाजाराकडे निघूनही गेले. आचारी उलट्या बाजूला, वरच्या रस्त्याला वळला.

सुरुवातीला त्याला इतकं काही दिसत होतं की कुठे बघू आणि कुठे नको असं झालं. दोरखंडांची दुकानं, रंगाची दुकानं, एका दारात नुसते कंदील टांगलेले. एक बाई दुसऱ्या मजल्यावरून टोपली खाली सोडत होती आणि खालचा कांदेवाला तिच्याशी मान वर करून भांडत होता. भांडणात टोपली तशीच मध्ये लोंबकळत होती. आचारी ते निकालापर्यंत बघत उभा राहिला. कांदे शेवटी वर गेले. जमीन अजून अधूनमधून हलत होती, पण आता ती सवयीची वाटू लागली होती.

गल्ली सुरू झाली तसं त्यानं डावीकडे बघायला सुरुवात केली. खारूचे शब्द त्याच्या कानात होते: जाताना डाव्या हाताला दातांची काच. डाव्या हाताला कुलपांचं दुकान होतं. मग भिंत. मग पुन्हा भिंत. आणि सहज मान वळवली तर उजवीकडून पंचवीस-तीस कवळ्या त्याच्याकडे बघून हसत होत्या.

आत एक म्हातारा कारागीर भिंग लावून दात घासत होता, म्हणजे हातातला.

“बसवायचेत का?” त्यानं विचारलं.

“नाही. बघायचे होते.” आचारी दारात घुटमळला. “दुकान इथे किती वर्षं आहे?”

“वडिलांपासून.”

“याच बाजूला?”

कारागिरानं भिंगावरून बघितलं. “दुकान बाजू बदलत नाही हो. गिऱ्हाइकं बदलतात.”

आचारी हसला आणि पुढे निघाला, पण हसू ओठांवरच राहिलं. एखादी चूक होते माणसाच्या हातून, तो स्वतःशी म्हणाला. बावीस वर्षं एकच चूक?

पायऱ्या होत्या. मोजल्या तर दोनशे बाराच भरल्या; शेवटच्या तीस त्यानं कठड्याला धरून, अंग ओढत ओढत पार केल्या. पण निम्म्या वाटेवरचा पाण्याचा नळ, जो उजव्या हाताला असायला हवा, तो डाव्या हाताला होता. त्यानं नळाखाली तोंड धुतलं, पाणी प्यायलं, आणि नळाकडे जरा रागानंच बघितलं.

पोपट खारूच्या सांगण्यात उजव्या हाताला होता, म्हणून वर पोचल्यावर त्यानं शहाणपणानं डावीकडेच आधी बघितलं. आणि तिथेच खिडकीत पिंजरा होता. पोपटाच्या डोक्यावर आता पिसं उरली नव्हती.

“दूध उतू चाललंय,” पोपट कडाडला.

आतून भांडं आपटल्याचा आवाज झाला आणि एक बाई पदराला हात पुसत खिडकीशी आली. “सासूबाई जाऊन अकरा वर्षं झाली,” ती आचाऱ्याला म्हणाली, जणू त्याची तिची रोजची ओळख. “पण अजून पळते मी. चुलीवर दूध नसलं तरी पळते.”

आचाऱ्याला इतका आनंद झाला, की बायकोला आत्ता इथे उभं करता आलं असतं तर त्यानं काहीही दिलं असतं. “आमचा एक दोस्त दर वर्षी येऊन बघतो याला,” तो म्हणाला. “बारीकसा. मोठ्या मिशा.”

बाईनं थोडं आठवून बघितलं. “नाही बाई. वीस वर्षं याच खिडकीत भाजी निवडतेय मी. याला बघायला थांबलेले तुम्हीच पहिले.”

चौकातला हौद, हौदातलं कासव, सगळं होतं. सगळं खरं होतं आणि सगळं चुकीच्या हाताला. आचारी सगळ्यांत वरच्या बाकावर जाऊन बसला आणि त्यानं डबा उघडला. खारूनंच भरला होता आज, मासा नीट तळलेला नव्हता. खारू म्हणायचा, त्या बाकावर बसलं की खाली आपलं गलबत दिसतं. आणि गलबताच्या चुलीचा धूर दिसतो. धुरावरून मला कळतं दादा, तू काय शिजवतोयस ते. हे ऐकायला आचाऱ्याला सगळ्यांत आवडायचं. बंदरात थांबलेल्या त्या बावीस दिवसांत चूल पेटवताना त्याला वाटायचं, वर कुणीतरी बघतंय आपल्याकडे.

बाकावरून समुद्र दिसत होता. धक्का दिसत होता, तोही अर्धाच. बाकीच्या अर्ध्यापुढे धान्याचं जुनं दगडी कोठार आडवं पसरलं होतं, आणि गलबत नेमकं त्याच्या मागे. डोलकाठीचं टोकसुद्धा दिसत नव्हतं. कोठाराच्या कौलांवर झाडं उगवली होती. ते काही काल-परवा बांधलेलं नव्हतं. इतकी वर्षं ते धक्क्यावरून बघूनही हे आचाऱ्याच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

आचाऱ्यानं हातातला घास परत डब्यात ठेवला. खारू इथे कधीही आलेला नव्हता. मग दर वर्षी दिवसभर जात होता कुठे? आणि हे सगळं त्याला कुणी सांगितलं? राग आला त्याला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं. गलबतावर माणसं येतात आणि जातात. बावीस वर्षं शेजारी पाठ टेकून बसलेला हा एकच होता. त्याचं एक खोटं निघालं, तर बाकीच्या गोष्टींचं काय करायचं? आचाऱ्याच्या आईच्या आजारपणात त्यानं सांगितलेल्या गोष्टी, वादळात त्यानं दिलेला धीर, त्या आता पुन्हा एकेक तपासायच्या की काय? त्यानं डबा बंद केला आणि तो उठला.

उतरताना तो कुठेच बघत नव्हता. बघायचं उरलंच काय होतं?

“दूध उतू चाललंय,” उजव्या कानाशी पोपट ओरडला.

आचारी दचकला आणि जागीच थांबला. पोपट उजव्या हाताला होता.

तो भराभर पायऱ्या उतरला. निम्म्या वाटेवर नळ आला, उजव्या हाताला. गल्लीत शिरला तर डावीकडून कवळ्या हसल्या. कुलपाच्या दुकानासमोर आचारी मिनिटभर उभा राहिला. खारूची एकही बाजू चुकली नव्हती. फक्त हे शहर त्यानं उतरताना पाहिलं होतं. आणि न चढता उतरायचं कसं, हे काही आचाऱ्याला उमगेना.

बंदराच्या दरवाज्याला लागून, आतल्या अंगाला, एका न्हाव्याचं दुकान होतं. बाहेर भिंतीला लावून एक बाक. आचाऱ्याला वाटलं, एवढी त्रेपन्न दिवसांची दाढी तरी काढून टाकावी. डोकं काही चालत नव्हतं, निदान हनुवटी तरी हलकी होईल. तो खुर्चीत बसला आणि डबा मांडीवर ठेवला. न्हावी उतारवयाकडे झुकलेला, सावकाश माणूस होता. त्यानं साबण फेसला, एक गाल माखला, आणि मग त्याची नजर डब्याच्या झाकणाला बांधलेल्या निळ्या दोऱ्यावर गेली.

“हे आज आले नाहीत?”

“कोण?”

“या डब्याचे मालक. मिशीवाले.”

आचाऱ्यानं आरशात न्हाव्याकडे बघितलं. “त्याचा पाय मुरगळलाय. तुम्ही ओळखता?”

“ओळखतो म्हणजे? वर्षातून एक दिवस माझं दुकान तेच चालवतात.” न्हावी वस्तऱ्याला धार लावू लागला. “पहिल्यांदा आले तेव्हा त्या दिव्याच्या खांबापर्यंत पोचले होते. खांबाला मिठी मारून बसले. मला वाटलं, प्यायलेत. जवळ गेलो तर घामानं डबडबलेले, डोळे गच्च मिटलेले. म्हणाले, जमीन थांबवा हो.”

“जमीन?”

“लाटांवरून आलेल्या काहींना होतं तसं. दोन-तीन दिवसांत जातं म्हणतात. पण तुमचं गलबत दुसऱ्याच दिवशी हलतं ना.”

आचाऱ्याच्या डोळ्यांपुढे खारू आला, डोलकाठीच्या टोकाला एका हातानं लटकून शीळ घालणारा.

“दर वर्षी?” त्यानं विचारलं.

“दर वर्षी. आधी खांबापर्यंत जाऊन बघतात. कधी एखादं पाऊल पुढे. मग भिंत धरत धरत येऊन बाहेरच्या बाकावर बसतात, आणि माझ्या गिऱ्हाइकांचा जीव खातात. जो वरून उतरून येईल त्याला पकडायचं. येताना काय काय लागलं? कुठल्या हाताला? पोपट काय बोलला? कासव पाण्यात होतं की बाहेर? लोकांनाही आवडायला लागलं हो. माझ्या मेहुण्यानं तर यांच्यासाठी म्हणून पायऱ्या मोजल्या.” न्हाव्यानं आचाऱ्याची हनुवटी वर केली. “एकदा मी म्हटलं, एवढं कशासाठी? तर म्हणाले, आमच्या आचाऱ्यानं त्याची पाळी मला दिलीय. रिकाम्या हातानं कसा जाऊ? मी म्हटलं, मग खरं सांगून टाका ना त्याला. तर म्हणाले, सांगितलं की त्याला वाटणार, आपण माणसाला दर वर्षी आजारी पाडत होतो. त्यापेक्षा हे बरं. हलू नका.”

“मी हलत नाहीये.”

“हलताय.”

आचाऱ्यानं खुर्चीचे हात घट्ट धरले. आपण काय केलं ते त्याला आता सगळंच दिसत होतं. दर वर्षी डबा भरून, पाठीवर थाप मारून, “जा, मजा कर” म्हणत आपणच त्याला त्या फळीवर ढकललं होतं. तो “यंदा तू जा” म्हणायचा, आणि आपण मोठ्या मनाचे म्हणून नको म्हणायचो. मोठं मन. आचाऱ्याला इतकी लाज वाटली, की दुसरा गाल होईपर्यंत त्यानं डोळेच उघडले नाहीत.

“त्यांना सांगा,” निघताना न्हावी म्हणाला, “खांब आहे अजून.”

“नाही सांगणार,” आचारी म्हणाला. “आणि मी इथे आलो होतो हे तुम्हीही कुणाला सांगू नका.”

गलबतावर पाय ठेवायच्या आधीच त्याला करपल्याचा वास आला. खारू डोलकाठीपाशी, दोराच्या वेटोळ्यावर पाय ठेवून बसला होता. आचाऱ्याला बघून तो उठायला गेला, घोट्यानं कळ मारली, आणि तो पुन्हा बसला. सकाळपासून त्यानं मिशा चावून चावून एका बाजूला वाकड्या केल्या होत्या.

“सापडलं?” त्यानं विचारलं. त्याची नजर आचाऱ्याच्या चेहऱ्यावर नव्हती, डब्यावर होती.

आचाऱ्यानं डबा खाली ठेवला, चपला काढल्या आणि खारूच्या शेजारी पाठ टेकून बसला. गलबत हळूच एका अंगाला कललं आणि परत आलं. पायांना बरं वाटलं.

“ऐक,” तो म्हणाला. “तुला राग येईल, पण स्पष्ट सांगतो. बावीस वर्षं तू एकट्यानं मजा मारलीस. आता बास. पुढच्या खेपेपासून मी जाणार, तू चूल सांभाळायची.”

खारूनं फडक्याची गाठ ओढली.

“पाय बरा झाला तरी. उगाच पाळीबिळी काढू नकोस. मी ऐकणार नाही.”

“दर वर्षी?” खारूनं विचारलं.

“दर वर्षी.”

“मग माझं काय?” तो म्हणाला, पण ते म्हणण्यात काही जोर नव्हता. त्यानं एक लांब श्वास सोडला, आणि सकाळपासून फडक्याच्या गाठीशी चाळा करणारे त्याचे हात मांडीवर येऊन पडले. तो म्हणाला, “मग निदान सांगायचं तरी नीट. मी सांगायचो तसं. काही गाळायचं नाही.”

“सांगतो की.”

“मग सांग. बंदराच्या दरवाज्यापासून.”

“दरवाज्यापासून नको,” आचारी म्हणाला. “वरून सांगतो. उतरताना.”

खारूनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं. “वरून का?”

“तसंच ते नीट लागतं.” आचारी आपल्या नव्या, गुळगुळीत हनुवटीवरून हात फिरवत समोर पाण्याकडे बघत राहिला. “तर मी बाकावर बसलो होतो. खाली आपलं गलबत. आपला धूर दिसत होता. जाड, काळा. म्हटलं, खारूनं भात तळाला लावला.”

खारू हसायला लागला आणि मध्येच थांबला. त्यानं एकदा कोठाराच्या दगडी भिंतीकडे बघितलं. धक्क्यावरून ती सरळ वर गेली होती आणि तिच्यामागचा अख्खा डोंगर तिनं झाकला होता. मग त्यानं आचाऱ्याकडे बघितलं. आचारी डब्याचा निळा दोरा सोडत होता.

“मग?” खारूनं हळूच विचारलं.

“मग उठलो. कासव पाण्याबाहेर होतं, ऊन खात. चौक ओलांडला. पोपट उजव्या हाताला.”

“उजव्या,” खारू म्हणाला. त्यानं डोलकाठीला डोकं टेकलं आणि डोळे मिटून घेतले.